पहिल्यापासून मोज

त्या दिवशी माग बंद होते, म्हणून सगळ्या गल्लीला आमच्या रेणूचं ओरडणं ऐकू आलं.

शुक्रवार होता. आमच्या गावाला शुक्रवारी वीज नसायची. एरवी खाली कारखान्यात माग सुरू असले की वरच्या मजल्यावर शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागायचं. लग्न होऊन इचलकरंजीत आले तेव्हा पहिले काही महिने माझं डोकं ठणकायचं. मग कानांनी त्या खटखटीशी जुळवून घेतलं. शुक्रवारी मात्र इतकी शांतता असायची की समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्टीनंही दचकायला व्हायचं.

मी गच्चीवर धुणं वाळत घालत होते. खालून यांचा आवाज आला.

“नवात किती मिळवले की तेरा?”

“पाच.”

पट्टा वाजला. मागाचा चामडी पट्टा झिजला की काढून टाकतात. असले जुने पट्टे कारखान्यात कुठंही पडलेले असायचे.

“नीट सांग.”

“सहा.”

पुन्हा पट्टा.

“अंदाज मारू नकोस. बोटं मोज.”

“मोजतोय की बाबा, मोजतोय.” आमच्याकडच्या पोरी मुलग्यांसारखंच बोलतात.

“मोजतोयस तर येईना का? सहावीत आहेस! तुझ्याएवढी पोरं घरचा कारखाना सांभाळतात.”

त्यानंतर जे ऐकू आलं त्यात शब्द नव्हते. मी हातातली ओली चादर तिथंच टाकली आणि जिना उतरले. उतरताना दिसलं, समोरच्या म्हेत्रेकाकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागं त्यांच्या दोन्ही सुना. इतके महिने मागांच्या आवाजात जे झाकलं जायचं, ते आज उघड्यावर पडलं होतं.

खाली अरविंदनी रेणूची वेणी डाव्या हाताला गुंडाळून धरली होती आणि उजव्या हातात पट्टा होता. तिचा फ्रॉक भिजला होता, फरशीवर ओघळ गेला होता. दंडावर, पोटऱ्यांवर लाल वळ. तिनं स्वतःची दहाही बोटं तोंडासमोर धरली होती आणि रडत रडत ती एक एक दुमडत होती. मार चुकवायला तिनं हात उचलला नव्हता. ती अजून मोजतच होती.

“सोडा तिला.”

“तू वर जा.”

“सोडा म्हणते ना!”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी मला अशी ढकलली की मी मागाच्या लोखंडी चौकटीवर जाऊन आदळले. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. मी मधे पडले की मलाही बसायची, आणि मग रेणूला जास्त बसायची. उठायला म्हणून मी हात टेकला, तर हाताखाली धोटा आला. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो जाड लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेलं. मागातून निसटला तर माणसाचा डोळा फोडतो.

अरविंदनी पट्टा वर उचलला. मी धोटा दोन्ही हातांनी धरला आणि त्यांच्या मनगटावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मोठा नसतो तो. वाळकी काटकी पायाखाली यावी तेवढाच. पट्टा खाली पडला. अरविंद मटकन सुताच्या गाठोड्यावर बसले आणि आपल्या हाताकडं बघत राहिले. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसे. ओरडले नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाही.

त्या शांततेत रेणू हळूच म्हणाली, “चार? चार ना, बाबा?”

बरोबर होतं. कसं बरोबर आलं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

*

रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसले. रेणूला म्हेत्रेकाकूंकडं ठेवलं होतं. वाटेत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, “पट्ट्यात हात गेला म्हणायचं.”

हाडांचे डॉक्टर म्हातारे होते, सगळ्या गावाचे मोडलेले हात त्यांनीच बसवलेले. त्यांनी मनगट दाबून बघितलं, अरविंदांच्या कपाळावर घाम आला.

“कसं झालं?”

“मागाच्या पट्ट्यात अडकला.”

डॉक्टरांनी माझ्या फुटक्या ओठाकडं बघितलं. मग म्हणाले, “हावळ, आज शुक्रवार. गावात एक माग चालू नाही. पट्टा फिरवला कुणी?”

मी म्हणाले, “मी मोडला.”

त्या दिवसापर्यंत मी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. पुढं नर्सनं कागदावर लिहायला नाव विचारलं तेव्हा मी न अडखळता सांगितलं, “अरविंद हावळ.” तेव्हापासून घेते.

*

रेणूला वाचायला छान यायचं. कविता तर एकदा ऐकली की पाठ. तिचा आवाज असा होता की शाळेत पाहुणे आले की स्वागताला तिलाच उभी करायचे. पण घड्याळ बघून किती वाजले ते सांगता यायचं नाही. दुकानात पाठवली की हातातली नाणी ती दुकानदारापुढं धरायची आणि म्हणायची, तुम्हीच घ्या. सहा मोठा की आठ, हे तिला दर वेळी विचार करून सांगावं लागायचं. तिच्या इंग्लिश शाळेच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून दोन रस्ते दाखवले होते. एक, भोकरे सरांचा संध्याकाळचा वर्ग. सर त्याच शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी दगडाला गणित शिकवलंय असं गावात म्हणायचे. दुसरा, शाळा बदला.

तिसरा रस्ता मला शाळेच्या फाटकातच एका शिक्षिकेनं हळूच सांगितला. नगरपालिकेच्या शाळेत मुजावर बाई म्हणून आहेत, अशा मुलांसाठीच त्यांची नेमणूक आहे, एकदा दाखवून आणा.

अरविंदना ते ऐकूनही घ्यायचं नव्हतं. “अशा मुलांसाठी म्हणजे कशा? ती काय वेडी आहे? कविता म्हणते, भाषणं करते. आळस आहे नुसता. मी शिकवतो तिला.” आणि मग ते शिकवायला लागले होते.

हात प्लास्टरमध्ये गेल्यावर घरात वेगळीच शांतता आली. अरविंद डाव्या हातानं जेवायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. त्या दिवसांत मी त्यांना न विचारता रेणूला घेऊन मुजावर बाईंकडं गेले.

शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती. भिंतीला निळा रंग, खाली सतरंजी, कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांची टोपली. लतीफा मुजावर माझ्याच वयाच्या असाव्यात. डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला, बोलणं तुटक. त्यांनी रेणूच्या दंडावरचे वळ बघितले, काही विचारलं नाही. सतरंजीवर चिंचोक्यांचे दोन छोटे ढीग केले.

“जास्त कुठं आहेत?”

तुम्ही-आम्ही एका नजरेत सांगितलं असतं. रेणूनं आधी एक ढीग मोजला, मग दुसरा. दुसरा मोजेपर्यंत पहिला विसरली. पुन्हा पहिल्याकडं आली. बाई थांबून राहिल्या. मला मात्र ते बघवत नव्हतं. चौथ्या खेपेला रेणूनं माझ्याकडं बघितलं आणि खांदे आक्रसून घेतले. मी मारणार असं समजून नव्हे. तशी सवयच पडली होती.

तिला बाहेर खेळायला पाठवून बाई म्हणाल्या, “ताई, ही पोरगी आळशी नाही. हिच्याइतकं कष्टानं कुणी मोजत नसेल. आपल्याला चार बोटं दिसली की ती चार आहेत हे न मोजता कळतं. हिला ते कळत नाही. आणि मोजायला गेली की मधलाच एखादा आकडा गळतो. डोळ्यांचा नंबर असतो ना, तसंच हे. ओरडून जात नाही.”

“मग शिकणारच नाही?”

“शिकेल. वेगळ्या वाटेनं, हळू. हाताला लागेल असं शिकवावं लागेल. मोठ्या दवाखान्यातून दाखला घेतला तर दहावीला सोपं गणित घेता येईल. पण रोज इथं यायला हवी. आणि घरी तिला कुणी हात लावता कामा नये. एकीकडं मी शिकवणार आणि घरी गेल्यावर मार, असं असेल तर मला नाही जमायचं. मी आधीच सांगते.”

घरी येऊन मी सगळं अरविंदना सांगितलं. ते खिडकीत बसून ऐकत होते.

“दाखला म्हणजे सरकारी कागदावर लिहून घ्यायचं, आमची पोर अधू आहे म्हणून,” ते म्हणाले. “उद्या तिचं लग्न ठरवताना तो कागद कुणी काढला तर?”

“लग्न राहू द्या. आधी ती जगेल का ते बघू.”

“भोकरे सरांकडं घालायची. माझं ठरलंय.”

“ते मारतात.”

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. प्लास्टरचा हात वर करून म्हणाले, “तू माझा हात मोडलास. आता सरांचा मोडून दाखव.”

*

भोकरे सरांचं घर गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत होतं. पुढं बंगली, मागं पत्र्याची लांब शेड. त्या शेडमध्ये वर्ग. आम्ही तिघं गेलो तेव्हा पोरं रांगेनं बसली होती आणि इतकी गप्प होती की पंख्याचा आवाज येत होता. सर पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या विजारीत, केस चापून बसवलेले. वाईट बोलले नाहीत. रेणूच्या डोक्यावर हातही फिरवला.

“तुमचा हात काय झाला?” त्यांनी अरविंदना विचारलं.

“मागात गेला.”

“बरं. इथं एकच नियम. मुलगी इथं सोडली की मागं बघायचं नाही. आईबापांच्या दयेनं पोरं बिघडतात.”

“सर, माझ्याकडून झालं नाही,” अरविंद म्हणाले. “तुम्हीच बघा आता.”

मी म्हणाले, “मी इथंच बसणार.”

सरांनी अरविंदांकडं बघितलं. मग म्हणाले, “वहिनी, तुम्ही आत बसा. चहा घ्या. वडील थांबू देत दाराशी. पुरुषमाणसाला बघवतं.”

मी रेणूकडं बघितलं. तिनं दप्तराचे दोन्ही पट्टे घट्ट धरले होते. मी आत गेले. आजही लोक विचारतात, आत का गेलात. दुसरं काय करणार होते? बापानं पोर हाताला धरून आणली होती, आणि मी आधीच त्याचं मनगट मोडलं होतं. दोन्ही घरचे वडीलधारे माझ्या नावानं खडे फोडत होते. अजून एक तमाशा केला असता तर रेणूला माझ्यापासून तोडायला कुणी मागंपुढं बघितलं नसतं.

सरांची बायको स्वयंपाकघरात होती. गोरी, बारीक बाई. तिनं मला पाटावर बसवलं, चहा टाकला, कुठल्या गल्लीत राहता वगैरे विचारत राहिली. शेडमधून सरांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. मग छडीचा आवाज. तेवढ्यात ती बाई उठली, ओट्यावरच्या भांड्यात शेंगदाणे टाकले आणि मिक्सर सुरू केला.

दाणे केव्हाच बारीक झाले असतील. ती मिक्सर बंद करेना. माझ्याकडं पाठ करून, झाकणावर तळहात दाबून उभी होती.

“बंद करा,” मी म्हणाले.

ती वळली नाही.

“अहो, बंद करा तो!”

मी उठून भिंतीतलं बटण दाबलं. मिक्सर थांबला आणि शेडमधून एकदम धडाधडा आवाज आला. काहीतरी जड उलथलं, पोरं किंचाळली. सरांची बायको म्हणाली, “असं कधी होत नाही.” मी पळत सुटले.

शेडच्या दारात मला आधी पोरं दिसली. सगळी भिंतीला चिकटली होती. फळा आडवा पडला होता. सर खाली होते आणि अरविंद त्यांच्या छातीवर गुडघा देऊन बसले होते. उजव्या हाताचं प्लास्टर ते सरांच्या तोंडावर हाणत होते. पांढरा शर्ट लाल झाला होता. प्लास्टरला तडा गेला होता, त्याचे पांढरे टवके उडत होते. स्वतःचं मोडलेलं हाड त्याच्या आत आहे याची त्या माणसाला शुद्ध नव्हती. तोंडातून शब्द नाही. नुसता श्वासाचा आवाज. सरांचा एक दात फरशीवर पडला होता.

आणि रेणू मधोमध उभी होती. दोन्ही हात पुढं केलेले, तळवे वर. तळवे सुजून निळेजांभळे झाले होते. खाली घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं ते तसेच धरले होते.

मागच्या बंगल्यांतून माणसं आली. सरांचे जुने विद्यार्थी होते त्यांत, आता बापेगडी झालेले. त्यांनी अरविंदना ओढून काढलं आणि शेडबाहेर मातीत घेतलं. लाथा, काठ्या, एकानं पायातली चप्पल काढली. मी ऐकत होते. मी नवऱ्याला सोडवायला गेले नाही. मी रेणूला उचललं. सहावीतली पोर, जड होती. तिचे हात माझ्या खांद्यावरून तसेच पुढं राहिले. त्या माणसांमधून वाट काढत मी बाहेर रस्त्यावर आले आणि तिथल्या नळाखाली तिचे तळवे धरले. ती रडत नव्हती. पाण्याकडं बघत होती.

*

पोलीस आले. अरविंदना आधी दवाखान्यात आणि मग चौकीत नेलं. बरगड्या दुखावल्या होत्या, मनगटाचं हाड पुन्हा निखळलं होतं. त्याच म्हाताऱ्या डॉक्टरांनी ते पुन्हा बसवलं आणि या वेळी काही विचारलं नाही. सरांनी केस केली, मग रेणूच्या तळव्यांचे फोटो चौकीत गेले आणि सरांनी ती मागं घेतली. दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या.

गावात मात्र मिटलं नाही. मारकुट्या बापाची पोर म्हणून इंग्लिश शाळेनं रेणूचं नाव काढलं. गावातल्या बाकीच्या शिकवण्यांनीही तिला घेतलं नाही. ज्यानं भोकरे सरांचा दात पाडला त्याच्या घरात शिकवायला कोण येणार? नातेवाइकांनी येणं बंद केलं. म्हेत्रेकाकू मात्र त्या दिवसापासून रोज रेणूला ताक पाठवायला लागल्या.

अरविंद घरी आले. मी त्यांना विचारलं, “का मारलंत त्यांना? तुम्हीच तर सोडून आला होतात. तुम्ही करत होतात तेच तर ते करत होते.”

ते भिंतीकडं तोंड करून झोपले. पुढं कित्येक दिवस मी तेच विचारत राहिले. माग चालू होते. मला वाटायचं त्यांना ऐकूच येत नसेल.

शेवटी एक दिवस सकाळी त्यांनी अंघोळ केली, डाव्या हातानं कसाबसा सदरा चढवला आणि म्हणाले, “त्या बाईंकडं जाऊया.”

मुजावर बाईंच्या खोलीत ते सतरंजीवर अवघडून बसले. रेणू माझ्या मागं होती. बाईंनी त्यांचा गळ्यात अडकवलेला हात बघितला.

“गावात पुष्कळ ऐकलंय मी,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून ऐकायचंय. त्या दिवशी काय झालं?”

अरविंद सतरंजीकडं बघत बोलायला लागले.

“सरांनी तिला फळ्यावर बेरीज घातली. चुकली. मग म्हणाले, हात पुढं कर, दहा छड्या. तू स्वतः मोजायच्या, मोठ्यानं. चुकलीस तर पहिल्यापासून. ती मोजायला लागली. एक, दोन, तीन, पाच. सर म्हणाले, पहिल्यापासून मोज. एक, दोन, तीन, चार, सहा. पहिल्यापासून मोज. पोरं हसत होती आधी. मग हसायची थांबली. ती एकदा आठपर्यंत गेली, बाई. मी दारात उभा राहून मनात म्हणत होतो, नऊ म्हण, नऊ म्हण. ती सात म्हणाली.”

“तेव्हा कळलं मला. मी समजत होतो मुद्दाम करते. लक्ष नाही, हट्ट आहे, आळस आहे. पण हातावर छडी पडत असताना कुणी मुद्दाम चुकंल काय? बरोबर म्हटलं असतं तर सुटली असती ती. तिला सुटायचं होतं. तिला येतच नव्हतं, बाई. खरंच येत नव्हतं.”

ते रडायला लागले. मी त्यांना तोवर रडताना बघितलं नव्हतं. माझा हात त्यांच्या पाठीवर जाणार होता.

मुजावर बाईंचा चेहरा हलला नाही. त्या म्हणाल्या, “तुमच्या हातात पट्टा असायचा तेव्हाही तिला येत नव्हतं.”

अरविंदनी मान वर केली.

“तेव्हाही ती मुद्दाम चुकत नव्हती,” बाई म्हणाल्या. “हे पण कळलं असेल तर उद्यापासून तिला आणा. दाराशी सोडायची आणि जायचं. तुम्ही आत यायचं नाही.”

“येणार नाही.”

“आता बाहेर बसा.”

ते उठले. बाईंनी त्यांच्यामागं दार लावून घेतलं.

*

रेणू त्या खोलीत दहावीपर्यंत जात राहिली. दाखला मिळाला. दहावीला तिनं सोपं गणित घेतलं आणि काठावर पास झाली. अरविंदनी तिच्यावर पुन्हा हात उचलला नाही, माझ्यावरही नाही. रोज तिला नगरपालिकेच्या शाळेत सोडायचे, सुटायच्या वेळी आणायला जायचे. खोलीत कधी पाऊल टाकलं नाही.

आता ती कोल्हापुरात असते. एका रेडिओ केंद्रावर सकाळचा कार्यक्रम करते. अर्ध्या जिल्ह्याला तिचा आवाज माहीत आहे. घड्याळ अजून तिला पटकन कळत नाही. वेळ संपत आली की काचेपलीकडून तिची मैत्रीण हातानं खुणावते. नवरा चांगला आहे. त्या कागदाबद्दल कुणी कधी विचारलं नाही.

भोकरे सरांना मारल्याची गोष्ट मात्र आमच्या घरात पुष्कळदा सांगितली गेली. अरविंद आता सत्तरीला आले. कुणी नवीन माणूस भेटला की ते सांगतात, आणि सांगताना त्यांच्या अंगात थोडं बळ येतं. मलाही ती ऐकायला आवडायची, खोटं कशाला बोलू? माझ्या मनातही ती आमची पोर वाचल्याची गोष्ट होती. बापाचे डोळे उघडल्याची.

गेल्या दिवाळीत आम्ही रेणूकडं गेलो होतो. जावयाचे एक मित्र जेवायला आले होते. अरविंदनी गोष्ट काढली. छडी, पहिल्यापासून मोज, आठानंतर सात. मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “बाप असावा तर असा.” अरविंदनी खाली बघितलं, पण त्यांना बरं वाटल्याचं मला दिसलं.

रेणू पोळ्या वाढत होती. ती म्हणाली, “त्या वेळी मला काय वाटलं, सांगू?”

आम्ही कधी विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांत, एकदाही.

“सर खाली पडले ना, तेव्हा मला वाटलं, सरांना नीट मारता येत नाही म्हणून बाबा त्यांना बाजूला करतायत. आता सर संपले की बाबा स्वतः मला मारणार. म्हणून तर मी हात खाली घेतले नव्हते.”

तिनं ते अगदी साधं सांगितलं, गेल्या वर्षी पाऊस कसा झाला ते सांगावं तसं. मित्र ताटाकडं बघायला लागला. जावयानं पाण्याचा तांब्या उचलला आणि न ओतताच खाली ठेवला. अरविंद चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं काच पुसत होते. त्यांचा हात थांबला.

मग त्यांनी विचारलं, “अजून वाटतं तसं?”

रेणूनं खोटं सांगितलं नाही. मुजावर बाईंची पोर ती.

“कधी कधी,” ती म्हणाली. “तुम्ही चष्मा काढलात की. मारायच्या आधी तुम्ही तो काढून खिडकीत ठेवायचात.”

हे मला आठवत नव्हतं. मी तिथंच असायचे, आणि माझ्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

अरविंदनी हातातल्या चष्म्याकडं बघितलं. एक काच पुसून झाली होती, दुसरीवर वरणाचा डाग तसाच होता. त्यांनी तो तसाच घाईघाईनं डोळ्यांवर चढवला, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ती पुढची पोळी वाढेपर्यंत हलले नाहीत.